टेपवालीची चार अक्षरं

लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा सासऱ्यांनी तिच्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि म्हणाले, "त्या कोपऱ्याला लाव. घट्ट धर हं, टेप सैल पडली की घर मोठं होतं."

त्या दिवशी अप्पांचा नेहमीचा मदतनीस तापाने आडवा झाला होता, एवढंच निमित्त. अप्पा जागांचं मूल्यांकन करत. कुणाला बँकेचं कर्ज हवं असलं, भावाभावांत वाटणी व्हायची असली, दुकान विकायचं असलं, की अप्पा जाऊन ती जागा बघत, मोजत आणि तिची वाजवी किंमत किती ते सहीनिशी कागदावर लिहून देत. ती गणिताची पदवी घेऊन, दोन-चार ठिकाणी नोकरीचे अर्ज टाकून घरी बसलेली. पहिल्याच घरात तिने अप्पांची बेरीज चुकलेली पकडली. अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, बेरीज पुन्हा केली, खोडली, नवी लिहिली. दोन दिवसांनी मदतनीस बरा होऊन दारात उभा राहिला, तर अप्पा त्याला ओलांडून तिलाच म्हणाले, "चल."

त्याला आता अठरा वर्षं झाली होती. मधल्या काळात तिने सरकारी परवाना काढला, अहवालाखाली अप्पांच्या सहीशेजारी तिची सही येऊ लागली, आणि मग अप्पांची सही यायची बंद झाली. त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग धरला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. माणूस आला की अप्पा त्याच्या कानाकडे बघून बोलत, आणि नव्या माणसाला वाटे, म्हातारा भाव खातोय.

ती मात्र सगळ्या वस्तीत ओळखीची झाली होती. कमरेला टेप, खांद्याला पिशवी, पिशवीत विजेरी, ओल मोजायचं यंत्र आणि जुने बूट. मुलं तिला बघून ओरडत, "टेपवाली आली!" तिलाही ते नाव आवडे. अप्पांनी शिकवलेलं सगळं तिच्या हातात मुरलं होतं. घरात शिरलं की आधी खिडकी उघडून बंद करायची. खिडकी अडली तर भिंत हललेली असते. मग नाकाने वास घ्यायचा. मग किल्लीने भिंत ठोकायची. आणि मालक ज्या खोलीचं दार पटकन लावून घेतो, ती खोली शेवटी, पण नक्की बघायची.

हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की बँकेच्या नव्या मॅनेजरने तिला बोलावलं तेव्हा तिला वाटलं, चहाला बोलावलंय.

मॅनेजर भला माणूस होता, आणि भल्या माणसाला वाईट बातमी देताना जो घाम फुटतो तो त्याला फुटला होता. "बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही," तो म्हणाला. "पण वरून नवा नियम आलाय. मोठ्या मालमत्ता, म्हणजे गोदामं, दवाखाने, कारखाने, यापुढे फक्त संस्थेची पदवी असलेल्यांनाच द्यायच्या. तुमच्याकडे फ्लॅट राहतील. फ्लॅटही काही कमी नाहीत म्हणा."

"परवाना आहे माझ्याकडे."

"परवाना सगळ्यांकडेच असतो," तो खाली बघत म्हणाला. "त्यांना नावापुढे ती चार अक्षरं हवीत."

मूल्यांकनकारांची एक संस्था होती. तिचा अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिल्या, एका अवघड मालमत्तेचा सविस्तर अहवाल लिहून परीक्षकांसमोर उभं राहिलं, की ती नावापुढे लावायला चार अक्षरं देई. कायद्याने ती सक्तीची नव्हती. अडीच-तीन वर्षं लागत आणि फीही चांगलीच होती. तिने आजवर कधी त्या वाटेला जायचा विचार केला नव्हता, कारण अप्पांच्या तोंडी संस्थेचं नाव आलं की पाठोपाठ एक फुत्कार येई.

तिने चार जणांना विचारलं. गावात एकाच मूल्यांकनकाराकडे ती अक्षरं होती. तो भर उन्हाळ्यातही टाय लावी म्हणून त्याला सगळे टायवाला म्हणत. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "खरं सांगू? पहिलं वर्षभर कार्डावर छान दिसण्यापलीकडे काही उपयोग झाला नाही. नंतर झाला. पण तो अक्षरांमुळे झाला की वय वाढल्यामुळे, ते मलाही सांगता येणार नाही."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने जेवता जेवता उत्तर दिलं. "लोक लिफ्टमध्ये शिरताना आतला शिक्का बघतात. मला कोण बघतं? मी तर वर दोरापाशी काळा झालेला असतो. घे शिक्का."

अप्पांना विचारायची गरजच पडली नाही. ते आतून ऐकत होते. "चार अक्षरांनी भिंतीतली ओल दिसते का?" ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं काढली बिनअक्षरांची. काय बिघडलं माझं?"

तिच्या ओठांवर आलं होतं, 'तुमच्या वेळी वरून नियम येत नव्हते.' त्या आठवड्यात तिने नऊ फ्लॅट मोजले. नऊही एकाच इमारतीतले, एकावर एक, सगळ्यांची स्वयंपाकघरं सारखीच. नववं मोजताना तिच्या लक्षात आलं की आपण आकडा आधी लिहिला आणि टेप नंतर लावली. खाली उतरून ती स्कूटरवर नुसतीच बसून राहिली. मग घरी येऊन तिने अर्ज भरला.

अभ्यास पहाटेच होणार होता. दिवसभर काम, संध्याकाळी घर आणि मुलगी. साडेपाचला उठून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक उघडून बसे. चौथ्या दिवशी अप्पा काठी टेकत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मनातल्या मनात काय पुटपुटतेस? मोठ्याने वाच. बघू तरी काय लिहिलंय ते."

तेव्हापासून ती मोठ्याने वाचू लागली आणि अप्पा दर परिच्छेदाला तिला थांबवू लागले. "हे लिहिणारा आयुष्यात एकही जिना चढलेला नाही." "हे बरोबर आहे, पण एवढं सांगायला दोन पानं?" "थांब, थांब. हे पुन्हा वाच." हे शेवटचं वाक्य पहिल्या महिन्यात एकदाच आलं, दुसऱ्या महिन्यात चारदा. तिने ते मोजलं होतं, पण बोलून दाखवलं नाही.

एका धड्यावर मात्र जुंपली. अहवालात एक स्वतंत्र भाग हवा, असं त्यात म्हटलं होतं: आपण काय पाहिलं नाही, आणि का पाहिलं नाही.

अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "न पाहिलेलंही लिहायचं? मग फी कशाची घ्यायची? माणूस आपल्याकडे येतो तो आपल्याला कळतं म्हणून. त्याला सांगायचं की बाबा रे, मला अर्धंच कळलंय?"

"पण अप्पा, अर्धंच कळलेलं असलं तर?"

"तर उरलेलं अनुभवाने भरायचं. अनुभव म्हणजे दुसरं काय असतं?"

ती हसली आणि पुढचं पान उलटलं. तिलाही तेव्हा तो भाग म्हणजे वकिली शब्दांची भर वाटला होता.

लेखी परीक्षा दोन वर्षांत सुटल्या. एकीत ती दोन गुणांनी नापास झाली आणि तीन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. पुन्हा बसली, पास झाली. राहिला तो मोठा अहवाल. मालमत्ता अशी हवी होती की जिला सरळ बाजारभाव लावता येत नाही. अप्पांनीच सुचवलं.

"बर्फाचा कारखाना घे. धक्क्याजवळचा. अख्ख्या गावात तसला एकच आहे. तुलना कशाशी करणार? परीक्षकांची गंमत होईल. मी केलं होतं त्याचं मूल्यांकन. बत्तीस वर्षं झाली. कागद कपाटात असेल."

कारखान्याची मालकीण सत्तरी ओलांडलेली. बाहेर अंगाची लाही होत असताना डोक्याला लोकरी टोपी आणि हातांत मोजे घालून ती दारात उभी होती. तिला सगळे बर्फवाल्या काकू म्हणत. टेपवालीने आपण कोण, कुणाची सून, कशासाठी आलो ते सांगितलं, तशा काकू तिच्याकडे डोळे बारीक करून बघू लागल्या.

"म्हणजे पंधरा वर्षंवाल्यांची सून!"

"काय?"

"तुझ्या सासऱ्यांनी लिहून दिलं होतं, ही इमारत पंधरा वर्षांत बसेल. बत्तीस झाली. मी दर वर्षी वाट बघते." काकू खदखदून हसल्या आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. "ये आत. दार लावून घे, गारवा पळतो."

तिने तीन दिवस तो कारखाना मोजला. मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात उभे बुडवलेले बर्फाचे डबे, वरून फिरणारी साखळी, नळ्यांवर साठलेलं पांढरं कवच. बोटं इतकी बधिर होत की आकडे लिहायला बाहेर उन्हात यावं लागे. बाहेरून भिंती खरंच भयानक होत्या. गिलावा फुगलेला, मिठाने फुललेला, किल्लीने ठोकलं की पोकळ बोले. अप्पांच्या जागी कुणीही असतं तरी पंधराच म्हणालं असतं, तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सुतार थंड खोलीचं दार बदलत होता. त्याने चौकटीभोवतीचं आतलं अस्तर काढून ठेवलं होतं: बुचाच्या लाकडाचे वीतभर जाड तक्ते आणि त्यामागे डांबराचा थर. तिने विजेरी लावून आत पाहिलं. डांबरामागची वीट लालबुंद होती. ओल मोजायचं यंत्र लावलं, काटा जागचा हलला नाही. किल्लीने ठोकलं, वीट खणखणली. गिलावा कुजला होता, भिंत नव्हती. तिने काकूंना विचारून एका इंजिनिअरला बोलावलं. त्याने आणखी तीन ठिकाणी बारीक भोकं पाडून बघितली. तिन्ही ठिकाणी तेच.

घरी येऊन तिने कपाटातून अप्पांचा जुना अहवाल काढला. तीनच पानं. टाइप केलेली, नीटनेटकी. 'भिंती ओलीने पोखरलेल्या आहेत. इमारतीचे उरलेले आयुष्य पंधरा वर्षे.' खाली अप्पांची ठसठशीत सही. आत कुठे पाहिलं, कुठे नाही, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आता पंचाईत अशी की नियमाप्रमाणे आधीच्या सगळ्या मूल्यांकनांचा उल्लेख करणं भाग होतं. दुसरी मालमत्ता घ्यावी का, असं तिच्या मनात येऊन गेलं. तोवर केलेलं सगळं काम पाण्यात गेलं असतं. मग तिने एक गुळमुळीत वाक्य लिहिलं: 'पूर्वीच्या एका अहवालात इमारतीच्या आयुष्याबाबत वेगळे मत नोंदवलेले आढळते.' दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा मसुदा वाचून दाखवताना ती त्या पानाशी आली आणि पुढच्या पानावर गेली.

"थांब," अप्पा म्हणाले. "पान उलटल्याचा आवाज दोनदा आला."

तिने ते पान वाचलं. मग त्यामागचं सगळं सांगितलं: दार, बुचाचे तक्ते, डांबर, लाल वीट, तीन भोकं. अप्पा तिच्या कानाकडे बघत ऐकत राहिले. चहा निवला.

"मी आत गेलो नव्हतो," ते म्हणाले. "त्या दिवशी आणखी तीन घरं होती. बाहेरून फिरलो, ठोकलं, पोकळ वाजलं, लिहून टाकलं. वाईट काय वाटतं सांगू? लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही."

"कुणाच्याही हातून झालं असतं, अप्पा."

"कुणाच्याही नाही, माझ्या हातून झालं. ते 'वेगळे मत' खोड. चूक होती असं लिही. कुणाचा अहवाल, तेही लिही. आणि आज मला तिकडे घेऊन चल."

"आज दोन फ्लॅट आहेत माझे."

"फ्लॅट कुठे पळून जात नाहीत."

काकूंनी अप्पांना स्वतःची दुसरी लोकरी टोपी आणि मोजे घातले. अप्पांनी हातातला मोजा काढला आणि उघड्या विटेवर तळवा ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, मी चुकीचं लिहिलं होतं."

"मला कसलं वाईट वाटायचं?" काकू म्हणाल्या. "तुमच्या त्या कागदापायीच तर हा कारखाना माझ्याकडे आला. नवरा गेल्यावर निम्मा माझा, निम्मा धाकट्या दिराचा. दिराने पंधरा वर्षांचं ऐकलं आणि काढता पाय घेतला. मी हट्टाने राहिले. त्याने दुसऱ्या गावी जाऊन चष्म्यांचं दुकान टाकलं. आम्ही सगळे त्याला अजून पळपुटा म्हणतो."

काकू हसत होत्या, अप्पा नाही. "तोंडावर म्हणता?"

"पूर्वी म्हणायचो. आता तो येतच नाही."

घरी आल्या आल्या त्यांनी तिला कागद घ्यायला लावला आणि त्या दिराला पत्र सांगितलं. सहा ओळींचं. मी अमुक साली अमुक लिहून दिलं. आत न जाता लिहिलं. इमारत भक्कम होती आणि आहे, हे माझ्या सुनेने आता मूल्यांकन करताना आत जाऊन पाहिलं. तुम्ही घाबरून गेला नव्हता; तुमच्या हातात जो कागद होता त्यावर कुणीही शहाणा माणूस गेला असता. चूक माझी. खाली सही करताना पेन कागदाच्या बाहेर गेलं, ते तिने हात धरून आत आणलं.

तिला हे पटलं नव्हतं. "आता त्या माणसाला उकरून काय मिळणार?" ती रात्री नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, "त्याचं माहीत नाही. अप्पांना झोप लागेल."

तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. तिने उभ्या उभ्या वाचून दाखवलं. 'पत्र मिळाले. राग नाही असे म्हणणार नाही, पुष्कळ वर्षे होता, फक्त कुणावर धरायचा ते ठाऊक नव्हते. पत्र माझ्या मुलांना वाचून दाखवले. वहिनीला कळवा, पुढच्या रविवारी येतो. छपराचा भार पेलणाऱ्या उत्तरेकडच्या कैच्या मी लहानपणी चढून पाहिल्या आहेत, तुमच्या सूनबाईंना हव्या असतील तर दाखवतो.'

तो आला. काकूंनी दार उघडलं. काकू म्हणाल्या, "आत ये, गारवा पळतो," आणि त्याने शिरताना सवयीने मान खाली वाकवली. चौकट आता उंच झाली होती, वाकायचं कारण नव्हतं. टेपवाली बाजूला उभी राहून हे बघत होती आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं की इमारतीचं आयुष्य लिहिताना आपण माणसांचंही थोडंसं लिहीत असतो.

त्याने शिडी लावून कैच्या दाखवल्या. पाचांतल्या तीन बघता आल्या, दोन जुन्या फळ्यांनी पक्क्या बंद होत्या. तिने वहीत लिहिलं: दोन पाहिल्या नाहीत. हे लिहिताना तिला कसलाही कमीपणा वाटला नाही.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. एक बाई, दोन पुरुष, तिघांच्याही समोर तिच्या अहवालाची ठोकळ्याएवढी प्रत. तिची पाचावर धारण बसली होती. दोन तास त्यांनी तिला पिंजून काढलं. घसारा असा का धरला, बर्फाच्या धंद्याचा नफा आणि इमारतीची किंमत वेगळी कशी केली, तुलनेला घेतलेलं शीतगृह दोनशे किलोमीटर दूर का. शेवटी त्या बाईंनी एक पान उघडलं.

"आधीचा अहवाल चुकीचा होता असं तुम्ही लिहिलंय. नावासकट. जरा कठोर नाही वाटत? तो मूल्यांकनकार हयात आहे का?"

"हयात आहेत. माझे सासरे आहेत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. नातं आहे म्हणून ते पहिल्याच पानावर नोंदवलंय."

"त्यांना हे ठाऊक आहे?"

"हे वाक्य त्यांनीच सांगितलंय," ती म्हणाली. "माझं फार मवाळ होतं."

बाईंनी प्रत मिटली. तिला वाटलं, गेलं सगळं. पाच आठवड्यांनी पत्र आलं, त्यात ती पास होती.

नवऱ्याने लिफ्टच्या दुकानातून पितळी पाटी करून आणली: तिचं नाव, पुढे चार अक्षरं. दाराला ठोकताना अप्पा शेजारी उभे राहिले आणि एकेक अक्षरावरून बोट फिरवत म्हणाले, "तिसरं थोडं तिरकं आहे." ते खरंच होतं.

आणि मग काहीच झालं नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला. फ्लॅट येत राहिले. टायवाला रस्त्यात भेटला की मिशीत हसे. नवरा चिडवी, "पाटी दुसरीकडे लावू का? वारा लागत नसेल तिला." तीही हसे, पण खर्च झालेली तीन वर्षं, मुलीच्या शाळेतले चुकलेले कार्यक्रम, पहाटेची मोडलेली झोप, हे सगळं मनात येई आणि हसू अर्ध्यावर राही. फसलो का आपण, असं तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं.

पाचव्या महिन्यात बँकेने एक दवाखाना दिला. सातव्यात दोन गोदामं. गाडी हळूहळू रुळावर आली. पण तिला स्वतःला उत्तर मिळालं ते कोर्टात.

एका जुन्या कापडदुकानाचा वाद होता. तिचा अहवाल ज्याच्या विरुद्ध गेला होता त्याचा वकील आवाज चढवण्यात नावाजलेला. पूर्वी अशा उलटतपासणीला ती उभी राहायची तेव्हा घरी येऊन दोन दिवस डोकं धरून बसायची. वकिलाने अहवाल हवेत हलवला.

"बाई, या दुकानाला तळघर आहे, ठाऊक आहे?"

"हो."

"तुम्ही ते पाहिलंत?"

"नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळला, दोन्ही हात पसरले. "तळघरच न बघता किंमत ठरवली! आणि नावापुढे अक्षरं किती, बघा!"

"सातव्या पानावर लिहिलंय," ती म्हणाली. "तळघर पाहिलं नाही, कुलूप होतं. किल्ली तुमच्या अशिलाकडे होती. दोनदा लेखी मागितली, मिळाली नाही. तळघर धरून आणि न धरून, असे दोन्ही आकडे आठव्या पानावर आहेत."

न्यायाधीशांनी सातवं पान उघडलं, वाचलं आणि वकिलाकडे नुसतं पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकून हसू दाबलं. वकिलाने पुढचे प्रश्न पटपट उरकले. ती पायऱ्या उतरून खाली आली. तिला कडकडून भूक लागली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका बाईचा फोन आला. तीही मूल्यांकनकार, शेजारच्या गावातली, दोन लहान मुलांची आई. आवाजात संकोच होता. "ताई, एक विचारू? ती पदवी... घेण्यासारखी आहे का हो? म्हणजे, घालवलेला वेळ वसूल होतो का?"

टेपवालीने खरं ते सांगितलं. पहिले चार महिने मोठ्या कामासाठी फोन वाजला नाही. मग वाजला. कमाई वाढली, पण लोकांना वाटते तेवढी नाही. एका परीक्षेत आपण नापास झालो होतो. काम मात्र बदललं. "पूर्वी मी सही केली की मनात धाकधूक असायची, काहीतरी राहिलं असेल. आता राहिलेलं मी स्वतःच लिहून देते. त्यामुळे सही करताना हलकं वाटतं. एवढंच सांगू शकते बघ. अक्षरांशिवाय हे जमतं का? जमत असेल कुणाला. मला नव्हतं जमलं."

"पण अभ्यासाला वेळ कसा काढू? आणि एकटीने वाचलं की सगळं डोक्यावरून जातं."

"आठवड्यात एक सकाळ मोकळी होईल?"

"शनिवारची होईल."

"मग ये. पुस्तकं आहेत माझ्याकडे."

ती आली. पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर तिच्या ओळखीचा एक जण आला, महिन्याभराने आणखी एक. स्वयंपाकघरातलं टेबल पुरेना, म्हणून नवऱ्याने लिफ्टच्या जुन्या फळ्या जोडून एक लांबलचक बाक केला. अप्पा टोकाला बसतात. कुणाचा आवाज कुठला ते त्यांना आता न चुकता कळतं. परवा घसाऱ्याच्या धड्यावर सगळे अडले, टेपवालीसुद्धा. तिने अप्पांकडे पाहिलं.

"मला नाही माहीत," अप्पा मजेत म्हणाले. "पुन्हा वाचा बघू."